सबटायटलशिवाय कळतील असे: वऱ्हाड-विदर्भाच्या मातीतले 6 कमी चर्चेतले सिनेमे आणि डॉक्युमेंटरी

तिवसा. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर लागणारं तालुक्याचं गाव. याच तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आहे आणि रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूरही. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. पाऊस वेळेवर आला तर वर्ष बरं जातं, नाही तर सावकार किंवा बँक.

या पट्ट्याची ओळख देशाला झाली ती एका आकड्यातून. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाढल्यावर 2006 साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या 6 जिल्ह्यांसाठी त्यांनी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पाठोपाठ कॅमेरेही आले. बातम्यांचे कॅमेरे परत गेले, पण काही जण थांबले आणि त्यांनी सिनेमे बनवले. त्यातले काही नेदरलँड्सच्या महोत्सवांत दाखवले गेले, काहींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

तिथल्या प्रेक्षकांनी ते सबटायटल वाचत पाहिले. 'मला'च्या जागी 'मले' आणि 'तुला'च्या जागी 'तुले' आलं की बोलण्याचा सूर कसा बदलतो, हे सबटायटलमध्ये उतरत नाही. तिवसा, चांदूर, आर्वी किंवा मूर्तिजापूरच्या माणसाला ते न वाचता ऐकू येतं. सिनेमात काही चुकीचं दाखवलं असेल तर तेही त्यालाच आधी कळतं. म्हणून ही यादी, सिनेमाची आवड असलेल्यांसाठी आणि त्यातही वऱ्हाडातल्या प्रेक्षकांसाठी.

1. गाभ्रीचा पाऊस (2009)

दिग्दर्शक: सतीश मनवर. प्रमुख कलाकार: गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष.

'गाभ्रीचा' ही वैतागून दिलेली वऱ्हाडी शिवी. ती इथे पावसाला दिली आहे. गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या मनात भीती बसते: आपला नवराही असंच काही करून बसला तर? मग ती सासूला आणि लहानग्या मुलाला त्याच्या मागावर ठेवते. तो शेतात गेला की पोरगं मागे. घरात त्याला बरं वाटावं म्हणून गोडधोड. किसनाला मात्र आपल्यावर पहारा आहे याचा पत्ताच नाही.

एवढ्या गंभीर विषयावरचा हा सिनेमा हसवतो आणि हसता हसता घशात आवंढा आणतो. शेतकऱ्याच्या संकटावरच्या चर्चेत बायको बहुतेक वेळा फोटोत दिसते, तीही सगळं घडून गेल्यावर. इथे ती आधीपासून जागी आहे. रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला होता.

2. नीरोज गेस्ट्स (2009)

दिग्दर्शक: दीपा भाटिया. डॉक्युमेंटरी.

'तारे जमीन पर'च्या संकलक म्हणून दीपा भाटिया अनेकांना माहीत असतील. ही डॉक्युमेंटरी त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागे फिरून बनवली. साईनाथ म्हणजे 'दुष्काळ आवडे सर्वांना' या पुस्तकाचे लेखक आणि 2007 च्या मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी.

नावामागे एक जुनी गोष्ट आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय की सम्राट नीरोच्या बागेत रात्री उजेड हवा म्हणून कैद्यांना जाळलं गेलं. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही, त्या बागेत आलेल्या पाहुण्यांबद्दल आहे. माणसं जळत असताना तिथे वावरणारे ते लोक कोण होते? आज त्या जागी कोण आहे?

डॉक्युमेंटरीत एकीकडे विदर्भातली घरं आहेत आणि दुसरीकडे मुंबईचा फॅशन वीक. फॅशन शो कव्हर करायला शेकडो पत्रकार आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या मरणावर लिहायला मोजके, ही तुलना साईनाथ करतात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी तर ही पाहायलाच हवी.

एक अडचण आहे. साईनाथांची भाषणं इंग्रजीत आहेत. म्हणजे ज्यांची ही गोष्ट आहे, त्यातल्या अनेकांना ती पूर्ण कळणार नाही. घरच्यांसोबत पाहणार असाल तर मध्येमध्ये थांबवून सांगा.

3. बिटर सीड्स (2011)

दिग्दर्शक: मिका पेलेड. डॉक्युमेंटरी.

पेलेड यांच्या जागतिकीकरणावरच्या तीन डॉक्युमेंटरींपैकी ही तिसरी. पहिली, 'स्टोअर वॉर्स', अमेरिकेतल्या महाकाय दुकानांवर. दुसरी, 'चायना ब्लू', चीनमधल्या जीन्सच्या कारखान्यावर. तिसरीत ते त्या जीन्सच्या मुळाशी, म्हणजे कापसापर्यंत येतात आणि विदर्भातल्या तेलंग टाकळी या गावात पोचतात.

पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम कॅमेरा एका शेतकरी कुटुंबासोबत राहतो. बियाणं, कर्ज आणि मुलीच्या लग्नाची काळजी हे सगळं एकाच वेळी चालू असतं. त्याच गावातली एक मुलगी पत्रकार व्हायचं ठरवते. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे. बाहेरून आलेला कॅमेरा आणि गावातूनच प्रश्न विचारणारी ही मुलगी, असे दोन पत्रकार या डॉक्युमेंटरीत आहेत. त्यातली मुलगी जास्त लक्षात राहते.

4. कॉटन फॉर माय श्राउड (2011)

दिग्दर्शक: नंदन सक्सेना आणि कविता बहल. डॉक्युमेंटरी.

नावाचा अर्थ, 'माझ्या कफनासाठी कापूस'. 59 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधपट म्हणून तिची निवड झाली. विदर्भातल्या आत्महत्यांच्या मागे जाताना ती बियाणं कंपन्या, बाजार आणि सरकारी धोरणांना जाब विचारते.

तिसरी आणि चौथी डॉक्युमेंटरी पाहताना थोडी पार्श्वभूमी हवी. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली ती 2002 मध्ये. इथे हे तंत्रज्ञान मुख्यतः संकरित वाणांमधून आलं. संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक तसं येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. दोन्ही डॉक्युमेंटरी या मुद्द्यावर ठाम बाजू घेतात.

पण अभ्यासकांमध्ये यावर एकमत नाही. आत्महत्यांचं कारण फक्त बियाणं नाही, असं अनेक जण सांगतात. कोरडवाहू शेती, बँकेकडून न मिळणारं कर्ज, पडलेले भाव, औषधपाण्याचा खर्च अशी बरीच कारणं एकत्र येतात. दुसरीकडे, हे सिनेमे आले तेव्हा 2017 चा हंगाम अजून यायचा होता. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या बीटी कपाशीचं मोठं नुकसान केलं. म्हणजे आजच्या प्रेक्षकाला सिनेमापेक्षा जास्त माहीत आहे. ते डोक्यात ठेवून पाहिलं तर दिग्दर्शकांशी वाद घालता येतो, आणि डॉक्युमेंटरी पाहण्यातली मजाही तीच आहे.

5. तुह्या धर्म कोंचा (2013)

दिग्दर्शक: सतीश मनवर.

'गाभ्रीचा पाऊस' आवडला असेल तर त्याच दिग्दर्शकाचा हा सिनेमा शोधा. नावाचा अर्थ, 'तुझा धर्म कोणता?' विदर्भातल्या जंगलात राहणाऱ्या एका आदिवासी कुटुंबाची ही गोष्ट. जगण्याचे प्रश्न त्यांच्यासमोर रोज उभे आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांना मात्र त्यांच्यावर धर्माचा शिक्का मारण्याची घाई झाली आहे.

61 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. यातल्या 'खुरखुरा' या गाण्यासाठी बेला शेंडे यांना सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार मिळाला. अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे आणि तिथे कोरकू समाज राहतो. तरी वऱ्हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपाशीचं शेतच येतं, जंगल येत नाही. हा सिनेमा ती सवय मोडतो.

6. देवकीनंदन गोपाला (1977)

दिग्दर्शक: राजदत्त. गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू.

वऱ्हाड म्हणजे फक्त मरणाची बातमी नाही, हे लक्षात राहावं म्हणून यादीत हा जुना सिनेमा. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. जन्म 1876 चा, निधन 20 डिसेंबर 1956 ला. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात शिरले की आधी झाडलोट आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते कर्ज काढून सण करणाऱ्यांना फटकारायचे आणि पोरांना शाळेत घाला म्हणून सांगायचे.

देवाला निवृत्त करा, असं उघडपणे म्हणणारे डॉ. लागू इथे संताच्या भूमिकेत आहेत. वरवर हे विचित्र वाटेल. पण गाडगेबाबांनीही आयुष्यभर अंधश्रद्धेवरच झाडू चालवला, हे आठवलं की निवड पटते. दिग्दर्शक राजदत्त यांना 2024 मध्ये पद्मभूषण जाहीर झालं. त्यानिमित्ताने त्यांच्या इतर सिनेमांबद्दल बरंच बोललं गेलं, तेव्हा हाही एकदा पाहून घ्या. कर्जाबद्दल बाबा जे सांगत होते, ते वरच्या पाचांपैकी चार सिनेमांना लागू पडतं.

कुठल्या क्रमाने पाहाल?

• सुरुवात 'गाभ्रीचा पाऊस'ने करा. आधी घर कळू द्या.
• मग 'बिटर सीड्स'. घरातून शेत आणि दुकानापर्यंत.
• त्यानंतर 'कॉटन फॉर माय श्राउड' आणि 'नीरोज गेस्ट्स'. इथे प्रश्न धोरणांपर्यंत आणि शहरात बसलेल्या आपल्यापर्यंत येतो.
• शेवटी 'तुह्या धर्म कोंचा' आणि 'देवकीनंदन गोपाला'.

सगळे एका दिवसात पाहू नका. विषय जड आहेत, दोन सिनेमांमध्ये थोडे दिवस जाऊ द्या. पाहताना किंवा नंतर मन फार खचल्यासारखं वाटलं, किंवा ओळखीतलं कुणी तशा अवस्थेत असेल, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकाला कधीही फोन करता येतो.

मोबाइलवर की गावात?

यातल्या डॉक्युमेंटरी थिएटरला लागत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण त्या मोबाइलवर एकट्याने पाहतात. पायरेटेड लिंकच्या मागे लागण्याआधी निर्माते-दिग्दर्शकांची अधिकृत चॅनेल्स आणि वेबसाइट तपासा.

पण एकत्र पाहण्यात वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा असायचा. त्याच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी आहे. ती 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. यादीतला सातवा, बोनस सिनेमा म्हणून ती धरा. तंबू गेले, पण गोळा होण्याची सवय या भागात गेलेली नाही. सामुदायिक प्रार्थनेला ठरल्या वेळी जमायचं, हे गुरुकुंजाने गावोगावी रुजवलं आहे.

त्यामुळे एखाद्या कॉलेजच्या ग्रुपने किंवा वाचनालयाने ठरवलं तर प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि स्पीकर एवढ्यावर काम भागतं. आधी दिग्दर्शकाची परवानगी घ्या. इंग्रजी भाग मराठीत सांगायला एक जण बसवा. आणि सिनेमा संपला की लगेच दिवे लावून घरी पाठवू नका. ज्यांच्या शेतात कापूस आहे त्यांना आधी बोलू द्या. सिनेमात काय बरोबर होतं आणि काय चुकलं, हे महोत्सवातल्या परीक्षकांपेक्षा ते जास्त नेमकं सांगतील.