लग्न मिळाले, मूल नाही : पोर्तुगालची सहा वर्षे

गोव्यात आजही चालणारा कुटुंबकायदा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला, हे आपल्याला ठाऊक असते. त्या संहितेत दत्तकाची सोयच नव्हती, हे मात्र मला फार उशिरा कळले. गोव्यातल्या हिंदूंचे दत्तक १८८०च्या रूढिविषयक फर्मानाने सांभाळले. खुद्द पोर्तुगालला दत्तक मिळाले ते १९६६च्या नव्या संहितेत. त्याच संहितेतही विवाहाच्या व्याख्येत भिन्न लिंगाची अट होती.

ही अट २०१०च्या कायदा क्रमांक ९ने काढून टाकली. ७ जूनला लिस्बनमध्ये पहिले समलिंगी लग्न लागले. त्या दोघींनी २००६मध्येच नोंदणीसाठी अर्ज केला होता. २००९मध्ये घटना न्यायालयानेही त्यांना तीन विरुद्ध दोन मतांनी नकार दिला होता.

पण याच कायद्याचे तिसरे कलम वाचताना मी थबकलो. समलिंगी विवाह केलेल्यांना दत्तक घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. एकट्या व्यक्तीला मात्र दत्तक घेण्याची मुभा आधीपासून होती. म्हणजे अविवाहित बाईला जे शक्य, ते तिने आपल्या जोडीदारणीशी लग्न करताच अशक्य! कायदे करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल, असे मला वाटत नाही. लग्न पदरात पाडून घेण्यासाठी त्यांनी दत्तक सोडले.

त्याची किंमत मुलांनी मोजली. घरात दोन आया, कागदावर एक. ती एक गेली, तर दुसरी कायद्याने परकी. निदान जोडीदाराचे मूल तरी दत्तक घेता यावे, यासाठीचे विधेयक मे २०१३मध्ये ९९ विरुद्ध ९४ मतांनी पहिल्या टप्प्यात मंजूर झाले. मग सार्वमताचे खूळ निघाले. घटना न्यायालयाने ते अडवले, पण मार्च २०१४मध्ये विधेयकच १०७ विरुद्ध ११२ मतांनी पडले. पाच मते! लैंगिक कलामुळे बापाला मुलीचा ताबा नाकारल्याबद्दल स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने याच देशाला दोषी ठरवले होते, ते १९९९मध्ये.

निवडणुकीनंतर संसदेचा रंग बदलला. डिसेंबर २०१५मध्ये दत्तकाचा कायदा मंजूर झाला. २०१०च्या विवाहकायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्वा यांनी जानेवारीत तो परत पाठवला. १० फेब्रुवारीला संसदेने तो पुन्हा मंजूर केला, आणि १ मार्च २०१६ला तो लागू झाला. पहिल्या लग्नाच्या वेळी पाच वर्षांचे असलेले मूल तोवर अकरा वर्षांचे झाले होते.