धरणगावची वखार आणि भाषेचा भाव

व्यापारात पडायचे तर कोणती परकी भाषा शिकावी, हा प्रश्न आज एरंडोलच्या कॉमर्सच्या मुलांनाही पडतो. कोणी जर्मन सांगतो, कोणी जपानी, कोणी चिनी. प्रश्न नवा वाटतो, पण आपल्या पंचक्रोशीत तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. फक्त तेव्हा शिकणारे आपण नव्हतो.

१६७४ साली इंग्रजांनी धरणगावला वखार घातली. धरणगाव आता स्वतंत्र तालुका असले तरी कालपरवापर्यंत ते एरंडोल तालुक्यातच होते. इथला माल सुरतेला न्यायचा आणि तिथून जहाजावर चढवायचा, असा हा व्यवहार. त्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. पुढल्याच वर्षी मराठ्यांनी धरणगाव लुटले, त्यात ही वखारही सापडली. १६७९ मध्ये पुन्हा धरणगाव आणि चोपडा लुटले गेले. लुटायला फौजा वारंवार याव्यात एवढी ही गावे तेव्हा श्रीमंत होती, हे विसरू नये.

या वखारवाल्यांपुढे भाषांची गर्दी होती. खानदेश मोगलांचा सुभा, म्हणून परवाना, दस्तक, जकातीचा कागद फारसीत. पेढीवरच्या चोपड्या ज्याच्या त्याच्या लिपीत. घरात आणि शेतात अहिराणी. आणि पश्चिम किनाऱ्यावर गोऱ्यांशी बोलायची जुनी सोय म्हणजे मोडकीतोडकी पोर्तुगीज. एवढ्यांतून वाट काढायला दलाल असे. भाव त्याच्या तोंडून कळायचा आणि दलालीही तोच ठरवायचा.

कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना हे परावलंबन खुपत असावे. १२ डिसेंबर १६७७ च्या पत्रात त्यांनी मद्रासच्या किल्ल्याला कळवले की, ‘जेंटू’ किंवा हिंदुस्तानी भाषेत जो नोकर तयार होईल त्याला २० पौंड बक्षीस, आणि फारसीत तयार होईल त्याला १०. शिकवायला योग्य माणसे नेमावीत, असेही त्यात होते. जेंटू म्हणजे तेलुगू. पत्र मद्रासचे आहे, सुरतेचे किंवा धरणगावचे नाही, पण कंपनी एकच होती. आकडे नीट पाहावेत. दरबाराच्या भाषेला १० आणि बाजाराच्या भाषेला २०. फारसी ही प्रतिष्ठेची भाषा. मुनशी पगारावर मिळत. पण विणकर काय म्हणतो, दलाल त्याला काय सांगतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकणे कंपनीला दुप्पट मोलाचे वाटले, असा माझा या आकड्यांवरून निष्कर्ष आहे.

इकडे रायगडावर उलट दिशेने काम चालले होते. राज्याभिषेकानंतरच्या काळात रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. काही पदांची नावे बदलली. बाजार मात्र बदलला नाही. आजही कोणत्याही दुकानदाराची वही उघडा. जमा, खर्च, बाकी, नफा, खरेदी, जकात, दलाल, आणि ज्यावर हे लिहायचे तो कागदही. एरंडोल तर जाड्याभरड्या देशी कागदासाठी एके काळी नावाजलेले गाव. राज्याचा हुकूम शब्दकोशात राहिला. देवघेवीचे शब्द जिभेवर राहिले.

१८१८ नंतर खानदेशचा कारभार जॉन ब्रिग्जकडे आला. याच ब्रिग्जने पुढे फरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला. तो १८२९ मध्ये छापला गेला. भाषा शिकण्याची ही सवय दीडशे वर्षांची होती. आपली सवय मात्र दलालाची होती, आणि तिची किंमत कापसाच्या काळात चुकवावी लागली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे जळगावला पोहोचली. १८७० मध्ये मुंबई-लंडन समुद्री तार जोडली गेली. आता लिव्हरपूलचा भाव मुंबईत लवकर कळू लागला, पण इंग्रजीत आणि तारेच्या सांकेतिक शब्दांत. तिकडे खानदेशी कापूस ‘उमरा’ या नावाच्या गटात मोडे. ‘उमरा’ म्हणजे अमरावतीचे इंग्रजी तोंडात झालेले रूप. ज्याने कापूस पिकवला त्याला आपल्या मालाचे बाजारातले नावही ठाऊक नव्हते. मुंबईचा आडत्या सांगे तो भाव, जळगावचा व्यापारी सांगे तो भाव, आणि उरेल तो शेतकऱ्याचा.

मग जपान आला. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-जपान बोट सुरू झाली. विसाव्या शतकात जपान हिंदी कापसाचे मोठे गिऱ्हाईक बनले. या कंपन्या मुंबईत बसून राहिल्या नाहीत. त्यांनी आपली माणसे कापूस पिकणाऱ्या मुलखात धाडून थेट खरेदी केली. म्हणजे इंग्रजांचाच धडा त्यांनी गिरवला. गरज असलेला गिऱ्हाईक आपल्या दारापर्यंत आपली भाषा शिकत आला, आणि आपण दारातच बसून राहिलो.

म्हणून ‘कोणती भाषा मोठी?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मुलांनी आधी दोन गोष्टी शोधाव्यात. आपला माल शेवटी कोणाच्या हाती जातो, आणि वाटेत कोण कोणाचे बोलणे दुसऱ्याला सांगतो. जिथे हा सांगणारा सर्वांत जास्त कमावतो, तिथली भाषा शिकावी. जर्मन, जपानी यांना नोकरीच्या बाजारात मागणी आहे, ती खरीच. पण जळगाव जिल्ह्यातली केळी कुठे जातात तेही पाहावे. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या जळगाव केळीचे २२ टन दुबईला रवाना झाले. ती तांदलवाडीची होती. भारतातली केळी इराण, इराक, ओमानलाही जातात. तिथल्या मंडईत अरबी आणि फारसी चालते.

ज्या दोन भाषांचे शब्द आपल्या वहीत शतकानुशतके पडून आहेत, त्याच या. जमा, बाकी, नफा एवढे तर आपल्याला येतेच. पुढचे वाक्य अजून दलालच बोलतो.