डब्ल्यू म्हणजे हिवाळा

बाबांकडे प्रीमिअर पद्मिनी होती. दर रविवारी बॉनेट उघडून डिपस्टिकवरचं तेल ते दोन बोटांत चोळून बघायचे. चिकट लागलं की स्वारी खूश!

गेल्या महिन्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली. मॅन्युअल म्हणतं ०डब्ल्यू-१६. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ते म्हणजे पाणी. आपल्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-४० टाका, इंजिन दुवा देईल." बाबांनीही मान डोलावली. मी एक दिवस मागून घेतला. जुन्या कोडमध्ये विचित्र व्हेरिएबल दिसलं की ते कशासाठी टाकलं हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. या आकड्यांचंही तसंच झालं.

तर मंडळी, ही भानगड सुरू होते १९११ साली. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं मोटारीच्या तेलांची पहिली वर्गवारी केली. तेलाचा घट्टपणा मोजायची त्या काळातली एक पद्धत अगदी साधी होती: ठरावीक तापमानाचं ६० मिलिलिटर तेल बारीक भोकातून गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. जास्त सेकंद, जास्त घट्ट.

पण तिकडच्या थंडीत घट्ट तेल थिजायचं, गाडी सुरूच व्हायची नाही. म्हणून लोक हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात घट्ट तेल भरायचे. पुढे थंडीतल्या ग्रेडना डब्ल्यू लागला, म्हणजे विंटर. १९५० च्या दशकात तेलात पॉलिमर घालून मल्टिग्रेड तेलं आली आणि दोन्ही ऋतू एकाच डब्यात मावले. तापल्यावर मल्टिग्रेडही पातळच होतं, फक्त कमी प्रमाणात.

आज डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली चाचणी सांगतो. ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांना तपासतात, २०डब्ल्यू उणे १५ ला. नंतरचा आकडा सांगतो १०० अंशांना तेल किती घट्ट राहतं ते. इथेच गॅरेजवाल्याचं गणित चुकतं. बाहेर मे महिना असो की डिसेंबर, चालू इंजिनातलं तेल १०० अंशांच्या आसपासच खेळतं. आणि त्या तापमानाला ४० चं तेल १६ च्या तेलापेक्षा किमान दीडपट घट्ट असतं.

मग बाबा चूक होते का? मुळीच नाही. त्यांची पद्मिनी १९६२ च्या फियाट ११००डी वर बेतलेली. तिच्या इंजिनातल्या फटी मोठ्या, तिथे घट्ट तेलच हवं. १६ हा ग्रेड एसएईनं आणला तो थेट २०१३ साली, पेट्रोल वाचवण्यासाठी. माझ्या इंजिनाचा ऑइल पंप आणि बेअरिंगच्या फटी त्या हिशोबानं बनवल्यात. त्यात घट्ट तेल घातलं तर सकाळी ते वरपर्यंत उशिरा पोचणार, पंपाला जोर लागणार, मायलेज पडणार. उलट पद्मिनीत १६ चं तेल घातलं असतं तर इंजिनाची वाट लागली असती. म्हणजे "चांगलं तेल" असं काही नसतंच. असतं ते त्या इंजिनाचं तेल.

असो. ०डब्ल्यू-१६ च भरलं. रविवारी बाबांनी डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळलं. "पातळ आहे," म्हणाले. मी मॅन्युअलचं पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, बोटं फडक्याला पुसली आणि बॉनेट बंद केलं.