सरांच्या अभ्यासाचा पगार कोण देतं?

विरार लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल किंवा घरी भांडी घासत असाल, पुढची दहा-बारा मिनिटं माझ्यासोबत राहा. आज इतिहासच सांगणार आहे, पण त्यात लढाया नाहीत आणि राजेही नाहीत. आज प्राध्यापकांबद्दल बोलायचंय.

सुरुवात माझ्या धंद्यापासून करतो. आयटी कंपनीत फ्रेशर म्हणून लागलात की पहिल्या दिवशी कुणी तुमच्या हातात लाईव्ह सिस्टिम देत नाही. आधी काही आठवडे ट्रेनिंग असतं, कधीकधी काही महिने. या काळात आपण कंपनीला एक रुपयाही कमावून देत नाही, तरी पगार चालू असतो. शिकणं हा कामाचाच भाग आहे, हे कंपनीनं मान्य केलेलं असतं.

आता कॉलेजात नव्यानं लागलेल्या सरांचं बघा. सोमवारी रुजू, मंगळवारी साठ पोरांसमोर उभे. मग त्यांनी शिकायचं कधी? आणि त्या शिकण्याच्या वेळेचे पैसे कोण देणार? हा प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्याकडे तो दीडशे वर्षं जुना आहे. प्रत्येक काळानं त्याचं वेगळं उत्तर काढलं. आज आपण ती उत्तरं बघू.

पहिलं उत्तर : एक दिलदार डॉक्टर

मी कळंबचा. आमच्याकडे कळंब म्हटलं की लोकांना समुद्र आणि सुरूची झाडं आठवतात. पण कळंब आणि नालासोपारा स्टेशन यांच्या मधल्या पट्ट्यात सोपारा गाव आहे, आणि तिथं 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखलं जाणारं टेकाड आहे. १८८२ च्या एप्रिलमध्ये ते खोदलं गेलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडक आणि बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. आपलं सोपारं हे जुनं शूर्पारक बंदर, हे त्यामुळे जगासमोर ठळकपणे आलं.

हे काम केलं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. मूळचे जुनागढचे. कॉलेजची पदवी नाही, इंग्रजी कच्चं. पण जुन्या लिप्या वाचण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. पुढे नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

आता गंमत बघा. हा माणूस तयार कसा झाला? मुंबईतल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना हाताशी घेतलं. भाऊ दाजी पेशानं डॉक्टर, पण त्यांना प्राचीन इतिहासाचं वेड. त्यांनी स्वतःच्या पैशानं भगवानलालना देशभर फिरवलं. लेणी बघा, शिलालेखांचे ठसे घ्या, नाणी जमवा. ही भटकंती थेट नेपाळपर्यंत गेली. १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले, पण तोवर भगवानलाल तयार झाले होते. म्हणजे १८८२ साली सोपाऱ्यात जे सापडलं, त्याच्यामागे कुणीतरी आधी दहा-बारा वर्षं एका अभ्यासकाच्या वेळेचे पैसे मोजले होते.

तुम्ही म्हणाल, तेव्हा मुंबई विद्यापीठ होतं की! होतं. १८५७ सालीच सुरू झालं होतं. पण ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं केलेलं. काम काय, तर कॉलेजांना संलग्न करायचं, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. स्वतः शिकवायचं नाही. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, १८७८ मध्ये राजाबाई टॉवर उभा राहिला. देखणी वास्तू, देखणं ग्रंथालय. पण त्या ग्रंथालयात बसून वर्षानुवर्षं वाचावं म्हणून पगार देऊन नेमलेला विद्यापीठाचा स्वतःचा प्राध्यापक मात्र नव्हता.

दुसरं उत्तर : मास्तरांनी स्वतःचाच पगार कापला

दुसरं उत्तर पुण्यातून आलं. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, मग गोखले, ही नावं आपल्याला पाठ असतात. पण त्यांनी संस्था चालवायची पद्धत काय काढली होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

पद्धत अशी : शिकवणारेच संस्थेचे मालक. त्यांना 'आजीव सभासद' म्हणायचे. वीस वर्षं संस्थेत काम करायची शपथ आणि पगार महिना ७५ रुपये. त्याच लोकांना सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते. उरलेला पैसा संस्थेत राहायचा. थोडक्यात, कॉलेजचा सगळ्यात मोठा देणगीदार म्हणजे कॉलेजचा मास्तर.

हे मॉडेल भारी होतं यात शंका नाही. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे इथं गणित शिकवायला आले. रँग्लर परांजपे इथलेच विद्यार्थी. केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. आणि परत येऊन त्यांनी फर्ग्युसनमध्येच शिकवलं, प्राचार्यही झाले.

पण याच मॉडेलच्या आत एक भांडण दडलेलं होतं. मास्तराचा वेळ नक्की कुणाचा? टिळकांचं म्हणणं, आजीव सभासदानं सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई नको, त्याग म्हणजे पूर्ण त्याग. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, माणसाला घरसंसार आहे, ७५ रुपयांत भागत नाही, आणि वर्गाबाहेरचं लेखन किंवा सार्वजनिक काम हाही त्याच्या वाढीचाच भाग आहे. मतभेदाची इतर कारणंही होती, पण हा मुद्दा मोठा होता. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

दोन्ही बाजूंना आपापल्या जागी खरेपणा होता, असं मला वाटतं. पण यातून एक गोष्ट दिसते. शिक्षकाच्या त्यागावर संस्था उभी करता येते. ती पिढ्यान् पिढ्या फक्त त्यागावर चालवता येत नाही, कारण शपथ घेणारे गोखले दर वर्षी सापडत नसतात.

तिसरं उत्तर : विद्यापीठानं खर्च केला

आता पुन्हा मुंबई. १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा रस्ता मोकळा झाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठानं समाजशास्त्रासाठी स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडिस यांना आणलं. त्यांच्या व्याख्यानांना एक तरुण मराठी प्राध्यापक येऊन बसायचे. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, मूळ मालवणचे. नाव गोविंद सदाशिव घुर्ये.

विद्यापीठानं त्यांना शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवलं. आधी लंडन, मग केंब्रिज. तिथं डॉक्टरेट केली, परत आले आणि १९२४ मध्ये मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढची पस्तीस वर्षं, १९५९ पर्यंत, ते या विभागात होते. त्यांच्या हाताखाली कोण कोण शिकलं? इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई. भारतीय समाजशास्त्र म्हणून आज जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग या एका वर्गातून बाहेर पडला.

म्हणजे बघा, एका संस्कृतच्या प्राध्यापकाला विद्यापीठानं दोन-तीन वर्षं वर्गातून मोकळं केलं, खर्च उचलला, आणि त्यावर पस्तीस वर्षं परतावा मिळाला. आमच्या भाषेत सांगायचं तर इतका जबरदस्त आरओआय क्वचितच कुठे मिळतो.

चौथं उत्तर : सरकारची योजना

स्वातंत्र्यानंतर कॉलेजं वाढली. एकेका घुर्येंना निवडून परदेशी पाठवणं पुरणार नव्हतं. मग योजना आल्या. १९७० पासून इंजिनिअरिंगच्या शिक्षकांना आयआयटीसारख्या ठिकाणी एमटेक आणि पीएचडी करायला पाठवायचं, आणि त्या काळात त्यांचा पगार मूळ कॉलेजनं चालू ठेवायचा, अशी योजना निघाली. क्यूआयपी म्हणतात तिला.

मग १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून यूजीसीनं विद्यापीठांमध्ये 'ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज' सुरू केली. म्हणजे प्राध्यापकांचं कॉलेज. नव्या शिक्षकासाठी चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, अनुभवी शिक्षकासाठी तीन आठवड्यांचं रिफ्रेशर. कॉलेजात असताना 'सर ओरिएंटेशनला गेलेत' असं ऐकून आपण खूश व्हायचो ना, तेच हे. २०१५ मध्ये या केंद्रांचं नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झालं, आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र.

या सगळ्यात मला आवडणारा प्रयोग पवईचा. २००९ नंतरच्या काही वर्षांत आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं एकाच वेळी हजार, मग दहा हजार शिक्षकांना शिकवायचा घाट घातला गेला. शिक्षकांनी पवईला यायची गरज नाही. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जमायचं, व्याख्यान लाईव्ह दिसणार, प्रश्नही तिथूनच विचारायचे. झूम आणि गूगल मीट आपल्या घरात शिरायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मग आता अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी आहे.

पहिली, या कोर्सची प्रमाणपत्रं बढतीशी जोडली गेली. त्यामुळे लोक येऊ लागले हे खरं, पण काही जण शिकायला येतात आणि काही जण सर्टिफिकेटला. आपणही कंपनीचे सक्तीचे ऑनलाईन कोर्स कसे 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबून संपवतो, आठवून बघा. तेच.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ही सगळी व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरून बांधलेली आहे : शिक्षक कायम नोकरीत आहे. तो चार आठवडे वर्गावर नसला तरी त्याचा पगार चालू आहे. पण आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक सांभाळतात. सीएचबी म्हणतात त्यांना. जेवढे तास घेतले, तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचा काळ, सगळं बिनपगारी.

मला इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्या एक मॅडम अशाच दोन कॉलेजांत तास घ्यायच्या. सकाळी एका स्टेशनला, दुपारी दुसऱ्या. अल्गोरिदम इतकं सुंदर शिकवायच्या की आजही काम करताना त्यांच्या वहीतली आकृती डोळ्यांसमोर येते. पीएचडीचं विचारलं की हसून म्हणायच्या, "अरे, लोकलमध्ये जेवढं वाचून होतं, तेवढंच."

नियमानं पाहिलं तर तात्पुरत्या शिक्षकांना ओरिएंटेशनचं दार पूर्ण बंद नव्हतं. काही अटींवर त्यांना येता यायचं. पण चार आठवडे गेलो तर चार आठवड्यांचे तास बुडाले, आणि तास बुडाले म्हणजे पैसे बुडाले. दार उघडं ठेवायचं आणि उंबरठ्यावरच दंड घ्यायचा, असा हा प्रकार.

२०१९ मध्ये यूजीसीनं अतिथी प्राध्यापकांसाठी एका तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सांगितला. महाराष्ट्रातल्या सीएचबीचा दर त्याहून कमीच राहिला आहे. पण समजा उद्या १,५०० मिळाले, तरी ते कशाचे? तासाचे. त्या तासासाठी आदल्या रात्री केलेल्या तयारीचे नाहीत, उत्तरपत्रिका तपासताना गेलेल्या रविवारचे नाहीत, नवं पुस्तक वाचण्याचे तर नाहीतच. घड्याळ वर्गात शिरल्यावर सुरू होतं आणि बाहेर पडताच थांबतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्राध्यापकांना साधनं द्या म्हटलं की आपल्याला प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड आणि लॅपटॉप आठवतात. ते हवंच. पण भाऊ दाजींनी भगवानलालना काय दिलं? वेळ. विद्यापीठानं घुर्येंना काय दिलं? वेळ. फर्ग्युसनच्या मास्तरांनी तोच वेळ स्वतःच्या खिशातून विकत घेतला. ज्या शिक्षकाच्या अभ्यासाच्या वेळेची किंमत कुणीच मोजत नाही, तो दहा वर्षं जुन्या नोट्सवरच शिकवणार. त्यात त्याचा दोष थोडा, आणि नुकसान मात्र समोर बसलेल्या पोरांचं.

तुमच्यातले काही जण यंदा ॲडमिशन घेणार असतील, काहींची धाकटी भावंडं घेणार असतील. कॉलेज बघायला जाल तेव्हा एसी वर्ग आणि प्लेसमेंटचे बोर्ड बघाच. सोबत ऑफिसात एक साधा प्रश्न विचारा : तुमच्याकडे कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती? उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो, त्यावरून बरंच कळेल.

आणि तुम्हीच तासिकेवर शिकवत असाल तर मला लिहा. नाव सांगणार नाही. तुमचा एक आठवडा कसा जातो, ते मला ऐकायचंय. जमलं तर त्यावर एक वेगळा भाग करू.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!