स्क्रीन सेव्हरवरचे रॉकेट: एका छंदाचा आणि त्याच्या छायाचित्रांचा इतिहास

स्क्रीन सेव्हर हा शब्द तुम्ही संगणकाच्या सेटिंगमध्ये पाहिला असेल, वापरला बहुधा नसेल. आमच्या पिढीचे तसे नव्हते. १९९९ च्या सुमारास मी तुमच्यासारखाच अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो. एका सीनिअरने फ्लॉपीवर एक स्क्रीन सेव्हर आणला आणि लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर चढवला. त्यात रॉकेटचे सात-आठ फोटो होते. पाच मिनिटे कीबोर्डला हात लावला नाही की ते एकामागून एक येत. मोकळे माळरान, खाली धुराचा लोट, वर निघालेले पांढरे रॉकेट. आम्ही ते नासाचे समजून चाललो होतो. एक दिवस कोणाच्या तरी लक्षात आले की मागे एक मोटार उभी आहे आणि रॉकेट तिच्या दाराच्या कडीपर्यंतसुद्धा पोचत नाही!

आज आपण त्या फोटोंचा माग काढणार आहोत.

आधी पडद्याचे पाहू. जुन्या सीआरटी मॉनिटरमध्ये काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असे. इलेक्ट्रॉनचा झोत त्यावर पडला की तो ठिपका उजळे. तासन् तास एकाच जागी झोत पडत राहिला, तर तिथला फॉस्फर लवकर क्षीण होई आणि अक्षरांची सावली कायमची उमटे. रेल्वे स्थानकांवरच्या जुन्या पडद्यांवर बंद असतानाही गाड्यांच्या यादीच्या रेघा दिसत, त्या याच कारणाने. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी सॉफ्टटॉक मासिकात आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटे कळ दाबली नाही तर तो पडदा काळा करी, एवढेच त्याचे काम. १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी 'आफ्टर डार्क' आले, पंख लावलेले टोस्टर उडू लागले आणि पडदा वाचवण्याच्या सोयीची करमणूक झाली. मग ज्याला जो छंद, त्याचे फोटो तिथे आले. (एक तांत्रिक गोष्ट: विंडोजमध्ये डॉट एससीआर ही फाइल खरे तर डॉट ईएक्सईसारखाच चालणारा प्रोग्राम असते. म्हणून फुकटच्या स्क्रीन सेव्हरबरोबर व्हायरसही भरपूर पसरले.)

आता त्या मोटारीशेजारच्या रॉकेटकडे वळू. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली शाळकरी मुले घरात दारू कालवून, लोखंडी नळ्यांत ठासून रॉकेटे करू लागली. बोटे गेली, काहींचे जीवही गेले. यावरचा उपाय नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात आधीच तयार होता. तिथे जोड्यांचे दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये कागद आणि हलक्या लाकडाचे रॉकेट बनवले होते. त्याची मोटर वेगळी, बदलता येणारी होती आणि ते पॅराशूटने खाली येई. व्हाइट सँड्स इथे काम करणारे अभियंते जी. हॅरी स्टाइन सुरक्षित रॉकेटविषयी लिहीत. कार्लाइल यांनी १९५७ मध्ये त्यांना आपले नमुने पाठवले. पुढे फटाक्यांचा घरचा धंदा असलेल्या व्हर्नन एस्टीस यांनी मोटरी बनवणारे यंत्र उभारले. माझ्या मते या छंदाचा पाया घातला तो त्या यंत्राने. मुलांनी स्वतः दारू भरायची गरजच उरली नाही.

या छंदात फोटो मात्र शोभेसाठी आला नव्हता. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी व्हाइट सँड्सवरून उडवलेल्या व्ही-२ रॉकेटमध्ये ३५ मिलिमीटरचा कॅमेरा होता. रॉकेट जमिनीवर आदळून चुराडा झाले, पण पोलादी डबीतली फिल्म वाचली आणि सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वी कशी दिसते ते कळले. त्याच ओढीने एस्टीस कंपनीने १९६५ मध्ये 'कॅमरॉक' विकायला काढला. रॉकेटच्या टोकावर बसणारा हा कॅमेरा एका उड्डाणात एकच गोल, कृष्णधवल फोटो काढी.

आपल्याकडे तर पहिले अवकाश रॉकेट फोटो काढता यावा म्हणूनच उडवले, असे म्हटले तरी चालेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंबा इथून गेलेल्या नाइक-अपाची रॉकेटमध्ये सोडियम होते. जमिनीवर अंधार, पण वर अजून ऊन. त्या उन्हात सोडियमच्या वाफेचा पट्टा नारिंगी चमकतो. असा पट्टा वेगवेगळ्या ठिकाणांहून कॅमेऱ्याने टिपायचा आणि तो किती सरकला यावरून वरच्या वाऱ्याचा वेग काढायचा, ही पद्धत. त्यानंतर चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, आपले स्वतःचे रोहिणी आरएच-७५ उडाले. व्यास अवघा ७५ मिलिमीटर! परदेशात मोठी रॉकेटे उडवणारे परवानाधारक हौशी लोक आज त्याच व्यासाच्या मोटरी वापरतात. त्याच १९६७ साली पुण्याचे वसंत गोवारीकर विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून इंग्लंडहून थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या कामात पडले.

मग फ्लॉपीवरच्या फोटोचे काय? आम्ही तो नुसता पाहत बसलो. त्यातून काय मोजता आले असते ते आता पाहा. समजा रॉकेटची खरी लांबी ५० सेंटिमीटर, फोटोत ती १० सेंटिमीटर. पंखाची कड फोटोत १.२ सेंटिमीटर फिसकटली आहे, म्हणजे प्रत्यक्षात ६ सेंटिमीटर. शटरचा वेळ १/५०० सेकंद. वेग निघाला सेकंदाला ३० मीटर, ताशी १०८ किलोमीटर. रॉकेट जमिनीपासून ४.५ मीटर उंचीवर असेल, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट उंची, म्हणजे सरासरी त्वरण १०० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या दहापट! उडाल्यापासून जेमतेम ०.३ सेकंद झालेले असतात. हा फोटो इतका अवघड का, तेही यात आले. फोटोतले माप खऱ्या मापाशी जोडायला लांबी ठाऊक असलेली एखादी वस्तू लागते. आमच्या फोटोत ती मोटार होती आणि आम्ही तिला हसलो.

भारतात हा छंद रुजला नाही. परवान्याशिवाय स्फोटके बनवणे १८८४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि तयार मोटरी बाजारात सहज मिळत नाहीत. इथे घरी दारू कालवण्याचा विचारही करू नका. आपल्याकडे उरते ते दिवाळीचे, बाटलीत उभे करायचे रॉकेट. मागच्या दिवाळीत इथे रिसालीच्या मैदानावर माझ्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी त्याचे चित्रण केले. काडी ४५ सेंटिमीटरची होती. बारा चौकटींत रॉकेट काडीच्या दोन लांबी वर गेले. म्हणजे ०.०५ सेकंदात ०.९ मीटर, सेकंदाला १८ मीटर. तीन रॉकेटे वाकडी गेली, तीही आम्ही मोजली.

स्वाध्याय: बाटली मोकळ्या जागी, वाळूत घट्ट रोवा, माणसे लांब उभी करा, कॅमेरा स्टँडवर ठेवा. काडी पेटवण्याआधी मोजून घ्या. पहिल्या चाळीस चौकटींत रॉकेटचे टोक दर पाच चौकटींनी कुठे आहे ते लिहा, वेग आणि काळ यांचा आलेख काढा आणि दारू नेमकी कधी संपली ते त्यावरून शोधा.