कोणार्कचा रथ आणि पुरीतील सारथी

जगन्नाथपुरीची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. तेथे सिंहद्वारासमोर काळ्या दगडाचा, सोळा पैलूंचा, सुमारे ३३ फूट उंचीचा एक स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर हात जोडलेली अरुणाची मूर्ती आहे. जगन्नाथाच्या दारी सूर्याचा सारथी कशासाठी, हा प्रश्न दर्शनाच्या गर्दीत सहसा कोणाला पडत नाही. हा स्तंभ मुळी पुरीचा नव्हेच. तो कोणार्कच्या सूर्यमंदिराचा. आणि तो पुरीस आला अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना. तेव्हा ही गोष्ट काहीशी आपल्या घरची आहे.

तेराव्या शतकात गंगवंशीय पहिल्या नरसिंहदेवाने हे देवालय बांधले ते सूर्याचा रथ म्हणूनच. जोत्यावर २४ चाके, पुढे सात घोडे. एकेक चाक पुरुषभर उंचीहून मोठे. आख, तुंबा, आरे, सारे सुताराने घडवावे तसे. मागे गर्भगृहावर उंच शिखर, त्यापुढे जगमोहन, म्हणजे सभामंडप. आणि मंडपाच्या पूर्वद्वारासमोर हा अरुणस्तंभ. सारथी जेथे असावा तेथेच तो होता.

बांधणीत खरी कमान नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवीत छत मिटवत न्यावयाचे. आपल्या हेमाडपंती देवळांची छतेही याच रीतीची. अशा बांधणीत वजनच वजनाला धरून ठेवते, आणि तोल ढळला की तेच मारक ठरते. कोणार्कचे शिखर असेच ढासळले. त्याचा उरलासुरला कोपराही १८४८ च्या वादळात गेला. जगमोहन तेवढा वाचला. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ पर्यंत, त्यात वाळू भरून दारे चिणून टाकण्यात आली.

स्तंभ हलविला तेव्हा कोणार्कची पूजाअर्चा थांबलेली होती. ओसाड जागी तो फुटून जाण्यापेक्षा देवाच्या दारी आला हे बरेच झाले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरी आम्हांस वाटते की, त्यामुळे वास्तूच्या कल्पनेतील एक दुवा निखळला. मोडके शिखर निदान डोळ्यांस दिसत होते. सारथी नाही हे मात्र सांगितल्यावाचून कळत नाही.

पुरीहून कोणार्क अवघे ३५ किलोमीटर. ज्यांचे जाणे होईल त्यांनी सिंहद्वारी हा स्तंभ आधी नीट न्याहाळावा, आणि मग कोणार्कास जगमोहनाच्या पूर्वेकडील पायऱ्यांसमोर उभे राहून तो मनाने तेथे ठेवून पाहावा.