कान, वाचा आणि सरकारी परवाना

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांकडे जातों. त्यांच्या पाटीवर नांवापुढें कांहीं अक्षरें असतात. तीं आपण नीट वाचतही नाहीं, कारण त्यांच्यामागें कायदा उभा आहे अशी आपली खात्री असते. पण आजोबांना कमी ऐकूं येऊं लागलें, किंवा मुलगा बोलतांना अडखळूं लागला, म्हणजे आपण ज्याच्याकडे जातों त्याच्यामागें कोण उभें असतें? अमेरिकेंत या प्रश्नाचें उत्तर एकेका राज्याच्या विधिमंडळानें शोधलें. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, या व्यवसायांत गिऱ्हाइकाला मालाची पारख करणें फार कठीण. चष्म्याचा नंबर चुकला तर अक्षर पुसट दिसतें आणि चूक तेव्हांच कळते. उलट, ज्याचें ऐकणें वर्षानुवर्षें मंदावत गेलें, त्याला आपणांस काय ऐकूं येत नाहीं हेंच ठाऊक नसतें. तोतरेपणाचा प्रकार याहून विचित्र. शिकविणाऱ्याच्या खोलींत ताल धरून मुलगा घडघडा बोलतो. आईबापांना आनंद होतो, पैसे चुकते होतात, आणि शाळेंत गुरुजींनीं नांव विचारतांच जीभ पुन्हां अडते.

जेथें पारख कठीण तेथें भोंदूंचें फावतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन वृत्तपत्रांत बहिरेपणावरील औषधांच्या आणि कानांत बसवावयाच्या कृत्रिम पडद्यांच्या जाहिराती सर्रास येत. माल टपालानें घरपोच मिळे. पण दोष केवळ भोंदूंचाच होता असें नाहीं. १८४१ सालीं बर्लिनचे नामांकित शस्त्रवैद्य योहान डीफेनबाख यांनीं तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशीं छेद घेण्यास आरंभ केला. भुलीचें औषध तेव्हां प्रचारांत आलें नव्हतें. डीफेनबाख यांच्यापाशीं पदवी होती, हातांत कौशल्य होतें. नव्हतें तें त्या व्याधीचें ज्ञान. म्हणजे ज्ञानाआधीं दिलेला परवाना हा कोरा कागदच ठरला असता.

परवाना देण्याचा अधिकार राज्याला आहे कीं नाहीं, हा वाद १८८९ सालीं डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. वैद्यकी करणाऱ्यानें आपली पात्रता सिद्ध केलीच पाहिजे, असा कायदा त्या राज्यानें केला होता. लोकांना अज्ञान आणि फसवणूक यांपासून वांचविण्यासाठीं राज्य असा नियम करूं शकतें, असा निर्णय न्यायालयानें दिला. पण हा दरवाजा उघडल्यावरही कानाच्या व वाचेच्या उपचारकांना त्यांतून आंत येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. कारण त्यांचें स्वतंत्र शास्त्रच अजून उभें राहावयाचें होतें.

तें उभें करण्याचा उपक्रम १९२५ सालीं न्यूयॉर्क येथें सुरू झाला. वाचादोषांचा अभ्यास करणाऱ्या जेमतेम पंचवीस मंडळींनीं एक संस्था स्थापन केली. रॉबर्ट वेस्ट हे तिचे पहिले अध्यक्ष. १९३० च्या सुमारास या संस्थेनें आपल्या सभासदांसाठीं नीतिनियम केले. तोतरेपणा बरा करण्याची हमी देणें आणि केवळ पत्रद्वारें उपचार करणें हीं दोन्ही कृत्यें त्यांत निषिद्ध ठरलीं. नियम उत्तम होते. पण संस्था फार तर सभासदाचें नांव काढून टाकणार! तो दुसऱ्या दिवशीं पलीकडच्या रस्त्यावर खुशाल पाटी लावूं शके.

श्रवणशास्त्राला गति मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळें. तोफांच्या भडिमारानें कान गमावलेले सैनिक परत आले, आणि त्यांच्यासाठीं सैन्यानें खास केंद्रें उघडलीं. पेनसिल्व्हेनियांतील डेशॉन इस्पितळांत रेमंड कारहार्ट यांनीं श्रवणयंत्र लावण्यापूर्वीं आणि लावल्यावर रुग्णाला शब्द किती समजतात हें मोजण्याची पद्धत घालून दिली. पूर्वीं “बरें ऐकूं येतें ना?” असें विचारून काम भागत असे, आतां तेथें मापन आलें. ज्ञान मोजतां येऊं लागलें म्हणजेच त्याची परीक्षा घेतां येते, आणि परीक्षा घेतां येऊं लागली म्हणजेच परवान्याला अर्थ येतो.

इकडे बाजारही वाढत होता. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचीं श्रवणयंत्रें आलीं; तीं लहान व सुटसुटीत असल्यानें विक्री वाढली आणि तक्रारीही वाढल्या. १९५९ सालीं ओरेगॉन राज्यानें श्रवणयंत्र विकणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांना परवाना देणारें पहिलें राज्य फ्लॉरिडा; तें साल १९६९. म्हणजे विक्रेत्याला कायद्यानें आधीं गांठलें, तज्ज्ञाला मागाहून. आज पन्नासही राज्यांत या दोन्ही व्यवसायांवर कायद्याचें नियंत्रण आहे. विद्यापीठाची उच्च पदवी, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीं केलेलें काम आणि परीक्षा असा साधारण क्रम असतो. अपराध्याचा परवाना काढून घेण्याचा अधिकार मंडळाला असतो.

परंतु कुंपण शेताचें रक्षण करतें, तसें वाटसरूची वाटही अडवितें. परवान्यामुळें तज्ज्ञांची संख्या मर्यादित राहते आणि खर्च वाढतो, हा आक्षेप खोटा नव्हे. १९७७ च्या केंद्रीय नियमानें श्रवणयंत्र घेण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविली. मात्र प्रौढांना लेखी नकार देऊन ती टाळण्याची मुभा होती. पुढें ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य वा मध्यम बहिरेपणा असलेल्या प्रौढांना कांहीं यंत्रें तपासणीशिवाय थेट दुकानांतून घेण्याची मोकळीक मिळाली. लहान मुलांच्या बाबतींत मात्र ही सूट नाहीं. आणि तें योग्यच आहे, कारण भाषा शिकण्याचें वय एकदां हातचें गेलें कीं परत येत नाहीं.

आणखी एक उणीव आहे. १८८० सालीं मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांच्या भाषेऐवजीं तोंडी भाषेनेंच शिकवावें असा ठराव झाला. १६४ प्रतिनिधींत स्वतः बधिर असा एकच होता. ठराव करणारे सारे जाणते होते. तरीही २०१० सालीं व्हँकुव्हर येथील परिषदेला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याला मंडळांत जागा नसेल, तर परवाना हा व्यवसायाचें कवच होतो, रुग्णाचें नव्हे. अमेरिकेंतील अनेक परवाना-मंडळांवर सामान्य नागरिकांना स्थान दिलें जातें, त्याचें कारण हेंच.

आपल्याकडे वाट निराळी निघाली. म्हैसूरची वाक्श्रवण संस्था १९६५ सालीं आणि मुंबईची अली यावर जंग यांच्या नांवाची संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. कायदा त्यानंतर आला. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा राज्याराज्यांचा नसून साऱ्या देशाचा आहे. नोंदवहींत नांव असल्याशिवाय हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत.

पण कायदा आपल्या दारांत येऊन उभा राहत नाहीं. त्याला हांक मारावी लागते. आजोबांना यंत्र घ्यावयाचें असेल, मुलाला उपचारासाठीं न्यावयाचें असेल, तर नोंदणीचा क्रमांक विचारण्यांत संकोच कसला? खरा तज्ज्ञ त्यानें रागावणार नाहीं. आणि “अमुक दिवसांत बरें करतों” अशी हमी जो देईल, त्याच्या दारावरून सरळ पुढें जावें. हा शहाणपणा त्या मूठभर मंडळींनीं शंभर वर्षांपूर्वींच्या सुमारास लिहून ठेवला, तेव्हां त्यांच्या पाठीशीं एकही कायदा नव्हता.